काल काय खाल्लंस?

इंदुरात कुणाला सांगितलं की मला शुगर आहे, तर समोरचा माणूस आधी मनापासून हळहळतो आणि लगेच ताटली पुढे करतो. "दीदी, थोड़ा सा तो चलता है." दोन्हींत काडीचीही खोट नसते. माणूस आपला आहे हे सांगायची या शहराची रीतच ती आहे. सकाळी वाफेवर गरम ठेवलेले पोहे, वर सेव, कांदा, जिरावन आणि शेजारी जलेबी. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेला गराडू. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं चालतात, ती मिटली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर कढया चढतात. होळकरांच्या मागोमाग इथे आलेल्या मराठी घरांनी पुरणपोळी आणि श्रीखंड सोडलं नाही, आणि माळव्याचं तर सगळंच घेतलं.

त्यामुळे निदान झालं तेव्हा मला पहिलं दुःख झालं ते पदार्थांचं नव्हतं. गोडाची मला तशी ओढ नव्हती. सानंद या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेचं नाटक सुटलं की आम्ही मैत्रिणी सराफ्यात जायचो आणि उभ्या उभ्या नाटकाचा कीस पाडायचो. निदानानंतरही मी जात होते. पण हातात द्रोण नसलेली बाई घोळक्यात वेगळी पडते. एकीला माझ्यासमोर खायचा संकोच वाटला, दुसरी म्हणाली, "हिला कशाला त्रास, आज घरीच जाऊ." पुढे त्या जात राहिल्या आणि मला विचारायच्या थांबल्या. माझी काळजी म्हणूनच. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला ठाऊक आहे, आणि तरी त्या रात्रींनी मला जेवढं रडवलं तेवढं रिपोर्टाने रडवलं नाही.

हे दुःख सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं. "अगं, हल्ली कुणाला नसते?" खरं आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशभरच्या पाहणीचा अहवाल 2023 मध्ये आला, त्यात भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे 10 कोटी 10 लाख निघाली. पण दहा कोटी माणसांपैकी प्रत्येकाला स्वतःच्या बोटाला स्वतःच टोचायचं असतं. माझ्याबरोबर ते बाकीचे सगळे आहेत याचा आधार सकाळी सहा वाजता वाटत नाही.

मधुमेहाच्या औषधांबद्दल, आहाराबद्दल, मेथीच्या दाण्यांबद्दल आणि कारल्याच्या रसाबद्दल आपल्याकडे वाटेल तेवढं बोललं जातं. मनाबद्दल मात्र फक्त एकच वाक्य मिळतं: टेन्शन घेऊ नका. मला त्या वाक्याचा फार राग येतो. टेन्शन कसलं, कुठून येतं, हे कुणी विचारतच नाही.

ज्यांनी विचारलं, अशी माणसं आहेत. 1995 मध्ये अमेरिकेत विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहासोबत जगताना मनावर येणारा भार मोजण्यासाठी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. सगळ्यांची बेरीज करून 1.25 ने गुणायचं, म्हणजे शंभरपैकी आकडा मिळतो. चाळीसच्या वर गेला तर डॉक्टरांनी त्याकडे गांभीर्याने बघावं असं मानतात. माझ्या डॉक्टरांनी ती मला भरायला दिली तेव्हा मी ती त्यांच्या बाकावर बसून वाचली आणि वाचतानाच डोळे भरून आले. पुढे काय होईल याची सतत भीती वाटते का? पथ्य मोडलं की अपराधी वाटतं का? घरचे आणि मित्रमंडळी पाठीशी नाहीत असं वाटतं का? या आजारात आपण एकटे पडलो असं वाटतं का? रोजरोजच्या या खटाटोपाने थकून गेलात का? कुणीतरी खूप लांब बसून, मला न ओळखता, हे सगळं आधीच लिहून ठेवलं होतं. म्हणजे हे माझ्या स्वभावातलं वैगुण्य नव्हतं. या आजाराबरोबर येणारी ती गोष्ट होती, जशी तहान येते, पायाला मुंग्या येतात.

डॉक्टरांनी एक फरक तेव्हाच समजावून सांगितला, तो इथे सांगायला हवा. हा ताण आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताणात माणूस मधुमेहाला विटलेला असतो, पण नातवंडाला बघून त्याला आनंद होतो, गाणं ऐकावंसं वाटतं. नैराश्यात कशातच मन लागत नाही, झोप आणि भूक बिघडते, आणि हे दिवसचे दिवस चालतं. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं वाटत असेल तर ते अंगावर काढू नये. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, फोनवर बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हिंदी तर चालतेच, मराठीतूनही बोलता येतं.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती माझ्या आत्याची आहे.

आत्या लोकमान्यनगरातल्या आमच्या घरात राहायची. तिला मधुमेह होता आणि त्या काळी घरी रक्त तपासायचं यंत्र नव्हतं. लघवी तपासायची. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवी टाकायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. साखर नसेल तर निळं राहायचं. थोडी असेल तर हिरवट, जास्त असेल तर पिवळं, नारिंगी, आणि फारच असेल तर विटकरी. माझे काका हे काम करायचे. सकाळी चहाच्या वेळी, मागच्या ओट्यावर. आम्ही मुलं भोवती जमायचो, कारण रंग बदलताना बघायला मजा वाटायची. नळी निळी राहिली तर घरात सगळे खूष. विटकरी झाली की काका नळी उजेडाकडे धरून उभे राहायचे आणि स्वयंपाकघराच्या दिशेने विचारायचे, "काल काय खाल्लंस गं?"

आत्या उत्तर द्यायची नाही. आई सावरून घ्यायची, आजी बोलत राहायची. जिच्या शरीरातून ते आलं होतं, तिच्या शरीराचा रंग अख्खं घर चहा पिता पिता बघत होतं. मला तेव्हा हे जाणवलं नाही, मी लहान होते. आज ते चित्र डोळ्यांपुढे आलं की अंग आक्रसतं.

दुपारी सगळे निजले की आत्या कोठीच्या खोलीत जायची. तिथे डब्यांच्या मागे बेसनाचे लाडू असायचे. एकदा मी आत गेले तेव्हा ती अंधारात उभी राहून खात होती, घाईघाईने, नीट न चावता. मला बघून तिने मूठ पदराखाली घेतली. चवीने खाणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो. तो घाबरलेल्या माणसाचा चेहरा होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे म्हणायचे, हिला जिभेवर ताबा नाही. मला तसं वाटत नाही. तिला पंगतीत सगळ्यांसोबत अर्धा लाडू उघडपणे मिळाला असता, कुणी तिच्या पानाकडे पाहिलं नसतं, तर ती कोठीत गेली नसती. उघडपणे खायला तिला त्या घरात जागाच ठेवली नव्हती.

मग तिच्या पायाच्या बोटाला जखम झाली. मधुमेहात पायाच्या नसा अधू होतात, दुखणं कळत नाही, हे आता मला माहीत आहे. पण तिला जखम दिसत होती. तिने ती दाखवली नाही. रोज स्वतःच हळद लावून चिंधी बांधायची आणि वर मोजा घालायची. का दाखवली नाहीस असं विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "परत सगळे बोलले असते." बोट काढावं लागलं. आत्याचं ते बोट मधुमेहाने गेलं असं डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं. मी म्हणेन, बोलण्यानेही गेलं.

म्हणून मला वाटतं की मधुमेहात मनाची बाजू ही नंतर बघायची, सवड मिळाली तर बघायची गोष्ट नाही. लाज वाटली की माणूस लपवतो. लपवलं की आकडा कळत नाही, जखम कळत नाही, गोळी चुकली ते कळत नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधी चार दिवस कडक पथ्य करणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. वहीत खरा आकडा न लिहिता दोन अंक कमी करून लिहिणारेही आहेत, आणि त्या वहीवरून डॉक्टर औषध ठरवतात. एचबीए1सी ही रक्ताची तपासणी त्यांना पकडते, कारण लाल रक्तपेशी साधारण 120 दिवस जगतात आणि मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी हिशेब त्यात उमटतो. पण तीही त्यांना "पकडते" असं आपण म्हणतो, हेच मला खटकतं. पकडायला त्यांनी केलंय काय?

मी शाळेत गणित शिकवायचे. आकड्याशी माझं नातं घट्ट होतं, आणि तरी ग्लुकोमीटरचा आकडा मला गणितासारखा कधी वाटला नाही. तो प्रगतिपुस्तकासारखा वाटायचा. 118 आला तर दिवसभर आपण गुणी, 164 आला तर नालायक. मग एकदा मी त्या यंत्राबरोबर आलेला कागद शिक्षिकेच्या नजरेने वाचला आणि त्यातल्या मानकाबद्दल अजून वाचलं. घरगुती ग्लुकोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 च्या वरच्या साखरेला शंभरातल्या 95 वेळा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याच्या पंधरा टक्के अलीकडे-पलीकडे आला तर यंत्र चालतं. म्हणजे रक्तात खरोखर 150 साखर असताना यंत्राने 128 दाखवली तरी यंत्र ठीक आहे आणि 172 दाखवली तरी ठीकच आहे. वर्गात मोजपट्टी एवढी सैल असती तर मी मुलांना तिच्यावरून उत्तर चूक-बरोबर ठरवू दिलं नसतं. आणि त्याच मोजपट्टीवर घराघरांत माणसं सकाळी सकाळी रडतात.

त्यात उपाशीपोटीच्या साखरेचा आणखी एक खेळ आहे. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात आणतं, आणि मधुमेह असेल तर ती आटोक्यात ठेवायला इन्सुलिन पुरत नाही. रात्री फक्त भाजी-भाकरी खाऊन झोपलेल्या माणसाचा आकडा सकाळी चढलेला दिसू शकतो. झोप नीट झाली नाही तर चढतो. ताप आला तर चढतो. मनावर ताण असेल तरी चढतो, कारण संकटात शरीर लढायला साखर बाहेर काढतं, मग ते संकट जाऊबाईंचा फोन का असेना. माझ्या मोठ्या दिराच्या आजारपणात मी जेमतेम जेवत होते आणि माझी साखर कधी नव्हे इतकी वर होती. "काल काय खाल्लंस?" या प्रश्नाला तेव्हा खरं उत्तर होतं, काहीच नाही.

हा प्रश्न आमच्याही घरात आला. यांनी विचारला. आमच्या ह्यांचा स्वभाव शांत, जन्मात कधी आवाज चढवला नाही, आणि प्रश्नही त्यांनी हळूच विचारला होता. पण माझ्या कानांना काकांचा आवाज ऐकू आला. मी तशीच उठून गच्चीवर गेले. संध्याकाळी त्यांना आत्याची गोष्ट सांगितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती गोष्ट मी त्यांना कधी सांगितलीच नव्हती.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला भीती वाटते गं. माझ्या वडिलांचे डोळे याच शुगरने गेले ते मी पाहिलंय."

"अहो, मग तसं म्हणा ना. मला भीती वाटते असं म्हणा."

"त्याने काय होईल?"

"मी तुमच्या शेजारी बसेन. आत्ता तुम्ही विचारता तेव्हा मी समोर उभी असते."

तेव्हापासून ते विचारत नाहीत, असं म्हणणार नाही. जीभ सरावलेली असते. पण मध्येच थांबतात, आणि मला ते थांबणंही दिसतं. सकाळी फिरायला बरोबर येतात. भात त्यांनी स्वतःचाही कमी केला, मला न सांगता. माझं पान वेगळं दिसू नये म्हणून केलं असं मला सुनेकडून कळलं. पहारा देणं आणि सोबत करणं, या दोन्हींमागे माया तीच असते. ज्याला आजार आहे त्याच्यापर्यंत पोचताना मात्र त्यांचं फार वेगळं काहीतरी होतं.

अपराधीपणाचं अजून एक मूळ होतं, ते पुण्याच्या एका डॉक्टरांच्या कामामुळे सैल झालं. मी जाड कधीच नव्हते. "तुला कशी काय झाली?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की मीच स्वतःला आरोपी समजून कारणं शोधायला लागले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्यात आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या आत चरबी दडलेली असते आणि तिची मुळं आईच्या पोटात असतानाच्या पोषणापर्यंत जातात, असं त्यांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासातून पुढे आलं. हे वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली. मोठ्या कुटुंबातली धाकटी सून, सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेल्यात जेवणारी, मी पोटात असतानाही. तिला कुणी दोष देऊ शकेल का? मग मी तरी स्वतःला का द्यावा? पथ्य, चालणं, औषध माझ्या हातात आहे, ते मी करते. पण माझ्या जन्माआधीपासून चालत आलेल्या गोष्टीची शिक्षा मी स्वतःला रोज सकाळी देणं बंद केलं.

इन्सुलिनचा दिवस मात्र कठीण गेला. डॉक्टरांनी नाव काढलं आणि मला वाटलं, संपलं. आमच्या लहानपणी इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी. कॉलनीतल्या एका ओळखीच्या बाईंनी नंतर म्हटलंच, "अरे, अब तो सुई पर आ गईं आप." त्यात खरी हळहळ होती आणि एक निकालही होता: हिने सांभाळलं नाही.

डॉक्टरांनी मला ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. पाच हजारांवर रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन 1998 मध्ये त्याचे मुख्य निष्कर्ष छापले गेले. त्यातून दिसलं की दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होतं तेव्हाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं जवळजवळ अर्धं काम थांबलेलं असतं आणि पुढे ते कमीच होत जातं. वर्षं जातात तसं अनेकांना इन्सुलिन लागतं, पथ्य पाळणाऱ्यांनाही. "आपने कुछ गलत नहीं किया," ते म्हणाले. "शरीर में जो कम पड़ रहा है, वही दे रहे हैं." एवढं साधं वाक्य. ते ऐकायला मला इतकी वर्षं लागली, कारण कुणी म्हणालंच नव्हतं.

आणि इन्सुलिन शेवटची पायरी कसली? टोरांटोत 1922 च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं, तेव्हा त्याचं वजन जेमतेम तीस किलो उरलं होतं. त्या काळी अशा मुलांना उपाशी ठेवून दिवस ढकलण्यापलीकडे उपाय नव्हता. तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षं जगला. इन्सुलिन शोधणारे फ्रेडरिक बँटिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचं पेटंट एका एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं. बँटिंगचा जन्मदिवस 14 नोव्हेंबर, तोच आज जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे त्या दिवशी बालदिन असतो, आणि मला प्रत्येक वेळी तो मुलगा आठवतो. ज्या औषधाने मरणाच्या दारातली मुलं उठून बसली, ते माझ्यासाठी हार कसं असेल?

तरी पहिल्या लग्नसमारंभात मी इन्सुलिनचं पेन पर्समध्ये लपवून नवरीच्या खोलीत गेले, दाराला कडी लावली. आता लावत नाही. जेवायच्या आधी एखादा कोपरा बघते, पदर सावरते, काम उरकते. भाचीच्या छोट्या मुलीने विचारलं, "आजी, दुखतं का?" मी म्हटलं, "किंचित." तिला तेवढं उत्तर पुरलं. मोठ्यांना पुरत नाही.

साखर खाली जाण्याबद्दल लोक कमी बोलतात आणि भीती तर तिचीच जास्त असते. ज्याने ते अनुभवलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, आणि त्याच्याही आधी एक विलक्षण चिडचिड येते. घरचे म्हणतात, हिचा स्वभाव बदलला. मेंदूला साखर पुरत नसते हो. सत्तरच्या खाली गेली की लगेच पंधरा ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, म्हणजे साधारण तीन चमचे, पंधरा मिनिटं थांबून परत तपासायचं. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, मुलांनासुद्धा. एकदा असं झालं की मनात भीती बसते, आणि मग कित्येक जण मुद्दामच साखर थोडी वर ठेवतात, इंजेक्शन चुकवतात, झोपण्याआधी उगाच खातात. डॉक्टरांना वाटतं हा निष्काळजी आहे. तो निष्काळजी नसतो, घाबरलेला असतो. हरतालिकेला निर्जळी करणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या बायका माझ्या ओळखीत आहेत. उपास सोड असं त्यांना सांगून भागत नाही. उपास मोडला तर देवाला चालेल का, या त्यांच्या भीतीशी कुणीतरी मायेने बोलावं लागतं.

अनंत चतुर्दशीला इंदुरात रात्रभर झांक्या निघतात. कापड गिरण्या बंद पडून जमाना झाला, तरी गिरण्यांच्या नावाच्या झांक्या कामगारांनी चालू ठेवल्या आहेत, पुढे आखाडे, मागे दिव्यांनी झगमगणारे देखावे. आम्ही रस्त्याच्या कडेला बसून बघत होतो. गर्दीत ह्यांची आणि माझी चुकामूक झाली, रात्र चढत गेली आणि मला ती चिडचिड ओळखू आली. पर्समधलं ग्लुकोज काढताना हात इतके थरथरत होते की पुडी फाटेना. पूर्वी मी तशीच गुपचूप धडपडले असते. त्या रात्री शेजारच्या अनोळखी बाईला मोठ्याने म्हटलं, "बहनजी, मुझे शुगर है, कम हो गई है. ये खोल दीजिए." तिने पुडी दातांनी फोडली, माझ्या तळहातावर ओतली, आपल्या मुलाला उठवून मला त्याच्या खुर्चीवर बसवलं. मग म्हणाली, "मेरी सास को भी होता है ऐसा. आप आराम से बैठो, झांकी कहीं नहीं जा रही." हे मला शोधत येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

मोठ्याने सांगण्याची ती ताकद मला सकाळच्या बगीच्यातल्या बायकांकडून आली. आम्ही पाच-सहा जणी फिरतो, दोघी मराठी, एक सिंधी, बाकी इथल्याच. चौघींना शुगर. फेऱ्या झाल्या की बाकावर बसून आपापला आकडा सांगतो आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळतो: विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही. एकीने 240 सांगितला तेव्हा आम्ही गप्प बसलो. मग तिने आपणहून सांगितलं की मुलाची नोकरी गेली आहे आणि घरात कुणी नीट झोपलेलं नाही. आमच्यातली कुणी त्या क्षणी "भात बंद कर" म्हणाली असती तर ते कधी बाहेरच आलं नसतं. आठवड्याभराने तिचा आकडा उतरला. मुलाची नोकरी अजून लागलेली नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाचा पुण्याहून फोन आला. ऑफिसच्या तपासणीत त्याचं एचबीए1सी 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठा, अजून मधुमेह नाही, हे त्याला माहीत होतं. रिपोर्ट त्याने दोन-तीन आठवडे उशाखाली ठेवल्यासारखा मनात ठेवला होता. म्हणाला, "आई, तू बोलशील म्हणून सांगितलं नाही." मग थोडं थांबून, "मला राग आलाय. कुणाचा ते माहीत नाही."

"येऊ दे," मी म्हटलं.

मग आम्ही त्याच्या रात्रीच्या शिफ्टबद्दल बोललो, नव्या मॅनेजरबद्दल, घरमालकाबद्दल, त्याला हल्ली झोप लागत नाही त्याबद्दल. आत्याचं बोट त्याने कधी पाहिलं नव्हतं, ती गोष्ट त्याला पहिल्यांदा सांगितली. फोन ठेवण्याआधी तो म्हणाला की तीन महिन्यांनी परत तपासून घेणार आहे, आणि आकडा कितीही आला तरी त्याच दिवशी फोन करेल.